थांब्यानंतरचं पाणी

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या सिनेमात मागच्या वर्षापर्यंत कुणी मेलं नव्हतं. आजारी मात्र भरपूर पडले. बाजेवर पडून कण्हले, बायका पदर तोंडाला लावून रडल्या, पास्टर साहेब दारात आले, प्रार्थना झाली, मागं व्हायोलिन चढलं आणि माणूस टुणकन उठून बसला. आजारी माणूस नसला तर दारुडा असायचा. तो शेवटी बाटली फोडायचा. हे सगळं मीच काढलंय, त्यामुळं दुसऱ्या कुणाला नावं ठेवायची सोय नाही.

माझा धंदा लग्नाच्या व्हिडिओचा. आदिलाबादेत दुकान आहे. मराठी लग्नं, तेलुगू लग्नं, जे येईल ते घ्यायचं. ड्रोन उडवायचा, नवरा-नवरीला कापसाच्या शेतातून पळायला लावायचं आणि मग आठवडाभर कॉम्प्युटरपुढं बसून डोळे फोडायचे. त्यातून वेळ काढून वर्षाकाठी एक सिनेमा मंडळीसाठी करायचा. नाताळाच्या आधी तो तयार व्हायला हवा, कारण पुढं हिवाळाभर तो खेड्याखेड्यांतून दाखवायचा असतो. देवाचं काम आहे, कुरकुर करायची नाही, असं आई म्हणायची. मी कुरकुर करतो. हल्ली ते काम अंगावर आलं की मला नुसता थकवा येतो.

आमचा ठरलेला दारुडा म्हणजे महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक कारकून. आयुष्यात त्यांनी शिंदीचा थेंब चाखलेला नाही आणि पडद्यावर ते लगेच कळतं. तलमडुगूकडचा माझा मामेभाऊ बौद्ध आहे, शाळेत मास्तर. आमचं निम्मं गणगोत बौद्धच. तो दरवर्षी न चुकता सिनेमा बघायला येतो, शेवटपर्यंत बसतो, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, ‘काऊन रे, तुमच्या पिक्चरमदी माणसाच्या आंधी व्हायोलिनच रडते!’ मी हसतो. दुसरं काय करणार? तो खोटं थोडंच बोलतोय.

मला गोष्ट कळत नाही असं नाही. आई संध्याकाळी अंगणात कापसाची बोंडं सोलत बसायची आणि आम्हाला पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगायची. घर सोडून गेलेला धाकटा मुलगा तिच्या गोष्टीत शेजारच्या मावला गावाहून निघून नागपूरला जायचा आणि तिथं हॉटेलात भांडी घासायचा. आम्ही हुंकारा द्यायचा, हा तिचा नियम. तिनं एक वाक्य सांगितलं की कुणीतरी ‘हं’ म्हणायचं, नाहीतर ‘मग?’ विचारायचं. हुंकारा नाही आला की ती तिथंच थांबायची आणि मुकाट्यानं बोंडं सोलायला लागायची. ऐकणारं झोपलं तर सांगू कोणाले, म्हणायची. माझ्या सिनेमाला इतक्या वर्षांत एकदाही कुणी ‘मग?’ म्हटलं नाही. पुढं काय होणार ते सगळ्यांना पाठ.

आणि पाठ असण्याला आमची एक पद्धतही कारण आहे. तरुणपणी मी पडद्याच्या गाडीवर ऑपरेटर होतो. प्रभूच्या चरित्राचा सिनेमा घेऊन आम्ही गावोगाव फिरायचो. वधस्तंभाचा प्रसंग झाला की मशीन बंद करायची, दिवा लावायचा, आणि मग प्रचारक उभा राहून उपदेश करायचा. ज्यांना प्रार्थना करून घ्यायची ते पुढं यायचे. ते झाल्यावर उरलेला भाग, म्हणजे पुनरुत्थान. लोकांनी अर्ध्यातून उठून जाऊ नये म्हणून शेवट हातात राखून ठेवायचा. याला आम्ही थांबा म्हणतो. गाडी गेली, रिळं गेली, सगळा सिनेमा पेनड्राइव्हवर आला, तरी थांबा काही गेला नाही. मी आजही सिनेमा जोडताना प्रार्थनेच्या प्रसंगानंतर थांबा ठेवतो. पास्टर साहेब सिनेमा आधी तपासतात तेही थांब्यापर्यंतच. ‘पुढचं माहीत आहे, ब्रदर,’ असं म्हणून उठतात.

तर मागच्या वर्षीची गोष्ट. सिनेमा नेहमीचाच होता, आजारी माणसाचा, आणि मला एक जुनी बाज हवी होती. हल्ली घरोघरी लोखंडी पलंग झालेत. आमच्या मंडळीतल्या एका वहिनींकडे सुतळीची बाज होती, ती मी मागून आणली.

या वहिनी दर रविवारी उपासनेच्या आधी येऊन सतरंज्या अंथरतात आणि मग दाराजवळच्या खांबाला टेकून बसतात. त्यांचे मालक कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. चांगला गाता गळा, हसरा माणूस. मूत्रपिंडं निकामी होऊन गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा सगळ्या मंडळीनं उपास धरले होते, आळीपाळीनं घरी जाऊन प्रार्थना केल्या होत्या. मीही गेलो होतो. ते गेले आणि मग त्या विषयावर कुणी फारसं बोललं नाही.

आमच्याकडं वचनाआधी, म्हणजे उपदेशाआधी, साक्षी होतात. ज्याला सांगायचं असेल त्यानं उठून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. हरवलेली म्हैस सापडल्याची साक्ष होते, पोरगा पास झाल्याची होते. कुणी किती वेळ बोलावं याला धरबंध नाही, कारण साक्षीला उठलेल्या माणसाला बसवायचं नाही हा आमचा जुना नेम. पास्टर साहेबसुद्धा घड्याळाकडं बघत मुकाट उभे राहतात. पण ज्याचं मागणं मिळालं नाही तो उठत नाही. तसा नियम कुणी केलेला नाही. तो उठून सांगणार तरी काय? वहिनी इतक्या वर्षांत एकदाही उठल्या नव्हत्या.

बाज आणली आणि मंडळीच्या मागच्या खोलीत तालीम सुरू झाली. या वेळी आजाऱ्याचं काम कारकून साहेबांकडं होतं. ते कण्हत होते, आणि प्रार्थना झाली की बाजेवरून असे उडी मारत होते की सुतळी करकरायची. वहिनी सतरंज्या झटकायला आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. दोनदा त्यांनी बघितलं. तिसऱ्यांदा कारकून साहेब उठले तेव्हा त्या मला हळूच म्हणाल्या, ‘भाऊ, या बाजेवरून कोनी उठलं नाई. तुमी घडीघडी उठवून राह्यले.’

मी तालीम बंद केली. खोटं नाही सांगत, मला त्या क्षणी फार बरं वाटलं, पाठीवरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं. मी त्यांना म्हटलं, वहिनी, मग तुमचीच गोष्ट काढू या का?

त्या सतरंजीच्या कडेचे दोरे ओढत बसल्या. मग त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी मालकांना पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं, दिवसाला चहाच्या लहान गिलासानं काही गिलास, त्याच्यावर थेंब नाही. उन्हाळा होता. इथला उन्हाळा सांगायला नको. ‘मंग मी बी तेवढंच प्यायची,’ वहिनी म्हणाल्या. ‘त्याइच्यासमोर घटाघटा कशी पिऊ? घसा सुकून जाये माहा. पन त्याइले तसं नाई दिसलं पायजे.’ आणि शेवटच्या दिवशी त्यांनी मालकांना माठातलं गार पाणी मोठा गिलास भरून दिलं. त्याच दुपारी ते गेले.

‘लोकं बोलले,’ त्या म्हणाल्या. ‘समोर नाई बोलले. म्हने, एवढी प्रार्थना चालू होती, हिनं जराक इस्वास ठेवला असता तं. हिनंच पाणी देल्लं.’

त्यांची एकच अट होती. पाणी दाखवायचं. माणूस बरा झाला असं दाखवायचं नाही, आणि पाणी लपवायचं नाही. ‘जसं झालं तसं लोकाइनं एकडाव पाहू द्या,’ म्हणाल्या. मी शब्द दिला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला सकाळी उठून कॅमेरा उचलावासा वाटला. सिनेमा वहिनींच्याच घरात काढला. वहिनींचं काम मावल्याच्या एका शिक्षिकेनं केलं. कारकून साहेबांना मी सांगितलं, या वेळी काही करायचं नाही, कण्हायचं नाही, नुसतं पडून राहायचं आणि गिलासाकडं बघायचं. बिचारे आधी रुसले. पण त्यांना काही करू नका म्हटल्यावर ते इतके छान दिसले की मीच चाट पडलो. व्हायोलिन काढून टाकलं. कूलरची घरघर आणि माठाच्या झाकणाचा आवाज, एवढंच ठेवलं. शेवटी भरलेला गिलास, तो पिणारा माणूस, आणि मग भिंतीला उभी करून ठेवलेली रिकामी बाज.

पास्टर साहेबांनी सिनेमा पाहिला. थांब्यापर्यंत. प्रार्थनेच्या प्रसंगाला त्यांचे डोळे भरून आले. ‘या वेळी फार चांगलं झालंय, ब्रदर. तुम्ही आमच्या त्या भावाची आठवण ठेवली,’ म्हणाले, आणि नेहमीप्रमाणे उठले. मी म्हटलं, पुढचं बघा ना. ते चप्पल घालत म्हणाले, ‘पुढचं माहीत आहे.’ ते माझी चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच वाटलं की माणूस जगात कसाही गेला असला तरी आमच्या सिनेमात तो उठतोच. मीही हात धरून बसवलं नाही. गोष्ट वहिनींच्या मालकांची आहे हे कळलंय म्हणजे शेवटही कळलाच असणार, असं मी धरून चाललो.

पहिला खेळ तलमडुगूकडच्या एका गावात, शाळेच्या पटांगणात होता. दिवेलागणीला चादर बांधली. वहिनी मुलीकडं गेल्या होत्या, त्या नव्हत्या. थांबा आला, मी सिनेमा थांबवला, दिवा लावला. पास्टर साहेब रंगात आले. आधी तेलुगूत, मग मराठीत. विश्वासानं मागितलं तर डोंगर हलतो म्हणाले. चार-पाच माणसं पुढं आली. त्यांत पाय सुजलेला एक माणूस होता, त्याला दोघांनी धरून आणलं होतं. त्याच्या डोक्यावर हात ठेवून पास्टर साहेबांनी प्रार्थना केली, आणि मग पडद्याकडं बोट दाखवून मोठ्यानं म्हणाले, ‘आता बघा, प्रभूनं या भावासाठी काय केलं!’

मी बटणावरचा हात मागं घेतला. पण लोक बघत होते, पास्टर साहेब खूण करत होते. मी बटण दाबलं.

गिलास भरला. माणूस प्याला. बाज भिंतीला लागली. सिनेमा संपला.

 माणसं आपापली पोती, सतरंज्या गोळा करून निघून गेली. पाय सुजलेला माणूस तसाच बसून होता. पास्टर साहेब त्याच्याजवळ जाऊन खाली मातीत बसले, बराच वेळ त्याचा हात धरून. 

रविवारी उपासनेनंतर त्यांनी मला आणि मंडळीतल्या दोघा वडीलधाऱ्यांना बसवून घेतलं. मला वाटलं होतं ते रागावतील. ते रागावले नाहीत, आणि म्हणून माझं बळ गेलं. ‘ब्रदर, त्या भावाला मी स्वतः माती दिलीय,’ ते म्हणाले. ‘तो बरा झाला नाही हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही. पण लोक आमच्याकडं दुखणी घेऊन येतात. त्या पायवाल्या माणसाला मी काय सांगू? घरी जाऊन पाणी पी, सांगू?’ मी म्हटलं, त्याला खरं तरी सांगू. एक वडीलधारे म्हणाले, खरं सांगायला दवाखाना आहे. मी म्हटलं, अशानं आपल्या सिनेमावर शेंबडं पोरगंही विश्वास ठेवत नाही. मी आणखी बरंच बोललो. कला म्हणालो, गोष्ट म्हणालो, आईचा हुंकारा काढला. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी पास्टर साहेब म्हणाले, ‘तोडफोड नको. खोटंही काही घालू नका. थांब्यावरच संपवा. पुढचं मी बोलेन.’

माझी खरंतर आणखी भांडायची तयारी नव्हती. घरी येऊन मी शेवट कापला. एवढ्या मेहनतीचं काम कापायला काही वेळ लागत नाही, हेच जास्त लागलं.

वहिनींना सांगणं भाग होतं. त्या पुढच्या रविवारी सतरंज्या अंथरत होत्या तेव्हा सांगितलं. पाणी कापलं म्हणून सांगितलं, शब्द राहिला नाही म्हणून सांगितलं. त्यांनी सतरंजीची सुरकुती हातानं सरळ केली. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मला वाटलं, आता या मला दारातसुद्धा उभं करणार नाहीत.

‘आता कुठी दाखवून राह्यले?’ त्यांनी विचारलं.

‘इचोड्याले. बाजारामागच्या मैदानात.’

‘मले नेजा,’ त्या म्हणाल्या.

इचोड्याला खेळ लावणं म्हणजे डोकेदुखी. शेजारून हमरस्ता, ट्रकांचे हॉर्न, ढाब्यावरची गाणी. तरी माणसं बरी जमली होती. मी प्रोजेक्टरपाशी बसलो. वहिनी बायकांमध्ये पुढच्याच बाजूला बसल्या, डोक्यावर पदर, मांडीवर शाल. सिनेमा प्रार्थनेपर्यंत आला आणि संपला. पडदा पांढरा झाला. पास्टर साहेब उपदेश करायला उभे राहिले. या वेळी ते डोंगराबद्दल काही बोलले नाहीत. धीराबद्दल बोलले, साधं आणि थोडं बोलले, आणि शेवटी सवयीनं विचारलं, ‘कुणाला साक्ष द्यायचीय का?’

वहिनी उठल्या.

पास्टर साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी नकाराची मान हलवली, मला काही माहीत नव्हतं.  साक्षीला उठलेल्या माणसाला बसवायचं नाही. ते दोन पावलं मागं सरले.

वहिनी पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. प्रोजेक्टर बंद करायचं माझ्या लक्षात आलं नाही, तो उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. त्यांनी डोळ्यांवर हात आडवा धरला.

‘आता जो मानूस पाह्यला ना तुमी, बाजेवरचा,’ त्या म्हणाल्या, ‘ते माहे मालक होते.’

ट्रक गेला. त्या तो जाईपर्यंत थांबल्या.

‘ते उठले नाई,’ त्या म्हणाल्या.

‘हं,’ पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हुंकारा दिला.

‘डॉक्टरनं पाणी मना केलतं. मोजून द्याची मी. आखरीच्या दिवशी घरी सगळे प्रार्थनेले बसले होते. मी आत गेली, तं त्याइनं माहा हात धरला. म्हने, पाणी दे. मी म्हटलं, नाई देत, सगळे तुमच्यासाठीच मागून राह्यले ना देवाले. तं म्हने,’ त्या थांबल्या. हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. माझ्या सिनेमात ते नव्हतं. ‘म्हने, ते देवाले मागून राह्यले. मी तुले मागून राह्यलो.’

‘हं,’ म्हातारा म्हणाला. त्याच्या मागून आणखी दोघं-तिघं म्हणाले.

‘मी मोठा गिलास घेतला. माठातून भरला, पार काठापर्यंत.’

 पास्टर साहेब खाली मान घालून उभे होते. बायकांमधून एकीनं, मांडीवर तापलेलं लेकरू होतं तिच्या, विचारलं, ‘मंग? प्याले का ते?’

‘सगळं प्याले,’ वहिनी म्हणाल्या. ‘म्हने, आता तू पी. मंग मी बी प्याली.’